आबा धोकादायक नाहीत

निवडणूक जाहीर झाली त्या संध्याकाळी मी देवापुढे साखर ठेवली. माझा नवरा माधव टीव्हीसमोरून म्हणाला, "काय गं, उभी राहतेयस की काय?" मी म्हटलं, "तू आधी त्या सोफ्यावरून उठून उभा राहा, मग माझं बघू."

साखर कशाची ते सांगते. निवडणूक लागली की आमच्या आबांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते, आणि यंदा मला ती घरातून जायला हवी होती. एवढंच. कोण निवडून येतं, कोणाची अनामत जप्त होते, याच्याशी मला काडीचं घेणंदेणं नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील, बळवंतराव जगताप. ऐंशीला टेकलेत. बडोद्यात, रावपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. त्यांचे आजोबा बडोदे संस्थानच्या फौजेत होते. आबांनी स्वतः मात्र जन्मभर रेल्वेच्या कचेरीत फायली हलवल्या. फौजेतलं म्हणून घरात उरलं काय, तर आबांच्या मिशा आणि बारा बोअरची दुनळी बंदूक. मिशांना रोज तेल, बंदुकीला दसऱ्याला हार. तिने आबांनी कधी कावळासुद्धा उडवलेला नाही. लहानपणी मी विचारलं होतं, "आबा, ही वाजते का हो?" तर म्हणाले, "वाजायला ती काय पिपाणी आहे?"

तर रीत अशी की निवडणूक लागली की परवानावाल्यांनी आपापली हत्यारं ठाण्यात ठेवायची आणि निकाल लागला की परत न्यायची. बाकीचे लोक कधी एकदा कटकट उरकते म्हणून गुपचूप जाऊन येतात. आबांनी तिची मिरवणूक केली होती. भर उन्हात बंद गळ्याचा कोट. आईने जुन्या होल्डॉलच्या कापडाची खोळ शिवलेली, तिच्यात बंदूक. रिक्षात ती आडवी ठेवायची नाही, उभीच धरायची, त्यामुळे खोळीचं टोक बाहेर डोकवायचं आणि रिक्षावाला रस्ताभर जीव मुठीत धरून हळूहळू चालवायचा. दुकानांतून लोक ओरडायचे, "काका, चूंटणी आवी के?" आबा मान डोलवून म्हणायचे, "आली, आली." रावपुऱ्यात निम्म्या लोकांना निवडणूक आबांमुळे कळायची. मग ठाण्यातून पावती घेऊन आई आणि ते सेव-उसळ खायला जायचे. आई म्हणायची, "एवढ्यासाठी तरी सरकार पडत जावं बाई."

"सरकार मागतं, मी देतो. मी मागतो, सरकार देतं. याला म्हणतात राज्य," हे आबांचं ठरलेलं वाक्य. घरी परत येताना तेही म्हणून व्हायचंच.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. ती होती तोवर मला त्या बंदुकीचं कधी काही वाटलं नाही. धूळ पुसायची एक वस्तू, शिवणाच्या मशीनशेजारची. आई गेली आणि आबा गप्प झाले. भांडेनासेच झाले हो! माझ्याशी न भांडणारे आबा म्हणजे काहीतरी बिनसलंय हे शेंबडं पोरही सांगेल. मकरपुऱ्याला आमच्याकडे राहायला या म्हटलं, तर "बघू". जेवलात का, तर "हो". काय जेवलात, तर "तेच".

मग उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झाल्यावर एक दिवस मी दुपारी न कळवता गेले. किल्ली असते माझ्याकडे. आबा पलंगावर बसले होते आणि शेजारी बंदूक, खोळीतून काढलेली. दसरा नव्हता, निवडणूक नव्हती. मी दारातच थांबले. आबा म्हणाले, "तेल देत होतो." तेलाची बाटली कुठे दिसेना. मी "बरं" म्हटलं, आत गेले आणि नळ सोडून रडले. मला भीती वाटत होती. चोराची नाही, आबांची. आबा स्वतःचं काही बरंवाईट करून घेतील याची.

माधव म्हणाला, "सरळ विचार ना त्यांना." सरळ विचार म्हणे! मी पंपांच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. दिवसभर लोकांच्या तोंडावर 'हे चालणार नाही, परत न्या' म्हणते, मॅनेजरलाही सोडत नाही. पण बापाला हे विचारायचं कसं? कुठल्या शब्दांत? बंदूक काढून टाकू म्हटलं, तर "वडिलांची आहे" म्हणून विषय बंद. म्हणून मी निवडणुकीवर डोळे लावून बसले होते. निकालापर्यंत तरी ती घराबाहेर राहील, पुढचं पुढे.

आणि निवडणूक जाहीर झाल्यावर चार दिवसांत आबांचा फोन आला. कितीतरी महिन्यांनी आवाजात धार होती.

"अहल्या, मला नको म्हणाले!"

"कोण?"

"पोलीस. मी विचारायला फोन केला, कधी आणू म्हणून. तर म्हणे काका, तमारे नथी आववानुं, तुम्ही यायचंच नाही. आता म्हणे सरसकट जमा करत नाहीत. समिती बसते, छाननी करते. ज्याच्यापासून धोका आहे त्याचीच घेतात."

"मग?"

"मग काय मग! माझ्यापासून धोका नाही म्हणे! त्या मागच्या गल्लीतल्या टग्याला बोलावलंय. त्याच्यापासून लोकशाहीला धोका, आणि बळवंतराव जगताप कोण, तर कोथिंबीर विकणारा!"

दुसऱ्या कोणाचे आबा असते तर मी हसून गडाबडा लोळले असते. पण याचा अर्थ सरळ होता. बंदूक तिथेच राहणार, कपाटात, आबांच्या पलंगापासून हाताच्या अंतरावर.

"उद्या जाऊन जाब विचारतो," आबा म्हणाले.

"एकटे जायचं नाही. मी येते, मी बोलते त्यांच्याशी."

"तू बोलू नकोस. तू भांडतेस."

"मग मुलगी कोणाची आहे?" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पोचले तर आबा कोट घालून, खोळ खांद्याला लावून तयार. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दाढी नीट केलेली होती. जिना उतरतो तोच पहिल्या मजल्यावर किरीटभाई आडवे आले. त्यांचं फरसाणाचं दुकान आहे आणि तब्येत दुकानाला शोभेशी. आमच्याशी ते मराठीच बोलतात, पण स्वतःची.

"काका, आ शुं? बंदूक पोलिसाला देता? छाणीला किती घरं फुटली, पेपरमधी वाचलं नाही? आख्खी बिल्डिंग तुमच्या भरोशावर झोपते!"

"बिल्डिंग वॉचमनच्या भरोशावर झोपते," मी म्हटलं, "आणि वॉचमन खुर्चीच्या."

"बेन, हसू नका. मी पण लायसनची अर्जी केली. देत नाहीत! कारण दाखवा म्हणे, जीवाला धोका दाखवा म्हणे. अरे, चोराला लायसन लागते का? तो गावठी कट्टा घेऊन मजेत फिरतो. लायसन कोणाला लागते? माझ्यासारख्या सीध्या माणसाला! घरोघर एक-एक देऊन टाका, कुठला चोर येतो बघू."

मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, म्हणून तर मला जास्त राग आला. "किरीटभाई, परवा पार्किंगवरून तुम्ही पटेलांच्या स्कूटरला लाथ घातलीत. त्या वेळी तुमच्या खिशात रिव्हॉल्वर असतं तर?"

"स्कूटरला कोण गोळी मारेल?"

"स्कूटरला नाही हो, पटेलांना!"

किरीटभाईंनी जरा विचार केला. त्यांनी विचार केला हेच मला आवडलं नाही.

"पण पटेललाही लायसन असेल ना," ते म्हणाले, "मग तो माझ्या जागेत गाडी ठेवायच्या आधी विचार करेल, मी लाथ मारायच्या आधी. दोघं सुधरून जाऊ!"

"दोघं सुधराल की दोघांच्या बायका पांढऱ्या साड्या नेसतील?"

"अहल्या," आबा म्हणाले. मग किरीटभाईंकडे वळून, अगदी शांतपणे, "किरीट, माणसाच्या जन्मात चोर येतो एकदा, फार तर दोनदा. बंदूक घरात रोज असते."

आणि खाली उतरून गेले. किरीटभाई माझ्याकडे बघत राहिले. मी धावतच आबांच्या मागे उतरले.

रिक्षात आबांनी खोळ उभी धरली. कोपऱ्यावरचा घड्याळवाला ओरडलाच, "काका, चूंटणी आवी गई?" आबा म्हणाले, "विचारायला चाललोय!" तो बिचारा हात तसाच वर धरून उभा राहिला.

ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होत्या चौधरीबेन. तिशीच्या, माझ्या भाचीएवढ्या. टेबलावर चहा निवत होता आणि फोन थांबत नव्हता. त्या गुजरातीत बोलल्या, मी मराठीत सांगते.

"काका, कालच फोनवर सांगितलं ना? तुम्ही यायची काही गरज नव्हती. उन्हात कशाला त्रास?"

"त्रासाचं सोडा," आबा म्हणाले. "मला कोणत्या आधारावर वगळलं ते सांगा."

"वगळलं म्हणजे... काका, तुमच्यावर केस नाही. जामिनावर नाही. दंग्यात नाव नाही, मागच्या कुठल्या निवडणुकीत मारामारी नाही. कोर्टानेच सांगितलंय, उगाच सगळ्यांना हेलपाटे घालायला लावू नका. तुमचं रेकॉर्ड एकदम चोख्खं आहे."

"चोख्खं कसं? मी उत्तरायणाला पतंगावरून शेजारच्या गच्चीवर उडी मारून एकाचं तोंड फोडलेलं आहे."

"कधी?"

"मॅट्रिकला होतो."

"त्याने फिर्याद दिली?"

"छे, त्याने बहीण दिली. मेहुणा झाला पुढे."

शेजारचा हवालदार तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. चौधरीबेननी ओठ दाबले. मी बघितलं की हे असं हसण्यावारी जाणार, आणि पुढे सरसावले. "मॅडम, त्यांचं ऐकू नका. म्हणजे ऐका. भयंकर तापट आहेत. दूधवाल्यावर धावून जातात. परवा बँकेत एकाची गचांडी धरली."

"मी? कोणाची?" आबा माझ्यावरच उलटले. "काहीतरी काय सांगतेस पोलिसांत?"

"आबा, जरा गप्प बसा. तुम्हाला धोकादायक करतेय ना मी!"

"हे बघा बेन," चौधरीबेन म्हणाल्या, आता त्या हसत नव्हत्या, "माझ्याकडे बंदोबस्ताची शंभर कामं आहेत. काकांची बंदूक काकांच्या घरी राहू द्या. कुलपात ठेवा, झालं. कोणाला काही धोका नाही."

"असं कसं धोका नाही?" माझा आवाज चढला. टेबलावर हात आपटला तो इतका जोरात की चहा बशीत सांडला. "कागद बघून सांगता धोका नाही! घरी येऊन बघितलंय? तुम्हाला घ्यावीच लागेल ही. मी परत नेणार नाही. इथे टाकून जाईन, मग घाला मला आत!"

चौधरीबेननी फोन उलटा करून ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"बेन, चार दिवस लोक इथे भांडायला येतायत की आमचं हत्यार घेऊ नका. तुम्ही पहिल्या, घ्या म्हणून भांडताय. कारण काय?"

मी तोंड उघडलं. आबा शेजारी उभे. म्हटलं, "छाणीला चोऱ्या होतायत... चोर बंदूकच पळवतील..." मग म्हटलं, "घरी मुलं येतात." आमच्या घरी येणारं सगळ्यात लहान मूल बी.कॉम. झालंय. पुढे काही सुचेना. डोळे भरून आले, मेले ऐन वेळी.

"तिला नाही सांगता येणार," आबा म्हणाले. "मी सांगतो."

त्यांनी खोळ टेबलावर आडवी ठेवली. आडवी ठेवलेली मी पहिल्यांदाच बघत होते. मग कोटाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत काडतुसं होती. मला वाटत होतं आमच्या घरात काडतुसं नाहीतच, माझ्या आठवणीत कधी नव्हती. ही नवी कोरी होती.

"माझी बायको गेली गेल्या वर्षी," आबा म्हणाले. गुजरातीत म्हणाले, हळू, एकेक शब्द लावत. "माणसांत असलो की ठीक असतो. दुपारी घरात कोणी नसतं. दुपार फार मोठी असते, बेटा. मी कपाट उघडतो, बघतो, परत लावतो. काल लावलं. आज सकाळी लावलं. उद्याचं मला सांगता येत नाही. तुमच्या समितीला सांगा, या माणसापासून धोका आहे. एकाच माणसाला आहे, पण आहे."

चौधरीबेन उठल्या. हवालदाराला न बोलावता स्वतः पाणी आणलं, स्वतःची खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढली आणि आबांना बसवलं. म्हणाल्या, "काका, समितीचं काम नाही यात. स्वतःहून कोणालाही ठेवता येते इथे. मी लिहून घेते." काडतुसं त्यांनी पहिल्यांदा उचलली आणि आत नेऊन ठेवली. मग एका सरकारी डॉक्टरांचं नाव सांगितलं, "चांगले आहेत, गप्पा मारतात, माझ्या वडिलांना दाखवलं होतं." आणि शेवटी विचारलं, "निकाल लागल्यावर बोलावू का न्यायला?"

"नका बोलावू," आबा म्हणाले. "परवाना रद्द करायला काय करावं लागतं ते सांगा."

"ते पण बघते मी. घाई नाही."

आम्ही बाहेर आलो. ऊन मी म्हणत होतं. ठाण्याच्या पायरीवर सावली होती तिथे मी मटकन बसले, आणि माझा बांध फुटला. रडू नाही, राग. "मला का नाही सांगितलंत? एका परक्या पोरीला सांगता आणि मला नाही? मी कोण आहे तुमची? रोज फोन करते, रोज विचारते कसे आहात, रोज 'बरा आहे'! बरा आहे म्हणे!"

"बेन, इथे बसायचं नाही," आतून कोणीतरी म्हणालं.

"बसणार!" मी ओरडले.

आबा शेजारी बसले. कोटाची बटणं सोडली. "त्या दिवशी तू दारात उभी होतीस," ते म्हणाले. "तुला कळलं होतं. मला वाटलं, आता विचारेल. मग वाटलं, उद्या विचारेल. तू फोन केलास की वाटायचं, आज विचारेल. तू विचारायचीस, जेवलात का."

खरं होतं ते. सगळ्या जगाला तोंडावर बोलणारी मी. समोर रिक्षा, स्कूटर, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, सगळं चाललेलं. त्या गोंगाटात मी बापाचा हात धरला आणि विचारलं. "आबा, मरावंसं वाटतं तुम्हाला?"

"वाटतं," आबा म्हणाले. "रोज नाही. बऱ्याचदा."

"आत्ता?"

त्यांनी खरंच विचार करून बघितला. "आत्ता नाही," म्हणाले. "आत्ता भूक लागलीय." मग माझा हात दाबून म्हणाले, "अहल्या, मी तुझ्याकडे राहायला येऊ का गं? एकट्याने घास उतरत नाही."

जन्मात आबांनी मला 'येऊ का' असं विचारलं नव्हतं. मी उठले, रिक्षाला हात केला आणि मकरपुरा म्हणून सांगितलं.